मोठेपणी एडीएचडी: तेलीबांध्याहून टाटीबंधला

वीजबिल भरायला मोबाइल हातात घ्यायचा, अर्ध्या तासाने जुने फोटो चाळत बसलेलं असायचं आणि बिल तसंच. असं अधूनमधून कुणाचंही होतं. एडीएचडीच्या, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या व अतिचंचलतेच्या विकाराच्या, निदानाची चाळणी मात्र बारीक आहे. २०१३ च्या डीएसएम-५ या मनोविकार-निदानाच्या पुस्तिकेनुसार १७ वर्षं वा त्यापुढच्या व्यक्तीत लक्ष न टिकण्याची किंवा अतिचंचलतेची नऊपैकी किमान पाच लक्षणं हवीत. तीही सहा महिने, घर आणि काम अशा किमान दोन ठिकाणी, आणि त्यांतली काही वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासूनची. म्हणून डॉक्टरांकडे जाताना जुनी प्रगतिपुस्तकं सोबत न्या. ‘हुशार आहे, पण लक्ष नसतं’ हा बाईंचा शेरा इथे कामाला येतो!

एडीएचडीवरचं मिथाइलफेनिडेट हे औषध ‘शेड्यूल एक्स’ या कडक नियंत्रणाच्या यादीतलं. चिठ्ठी दोन प्रतींत लागते. एक प्रत दुकानदार दोन वर्षं ठेवतो. वेगळा परवाना लागत असल्याने कोपऱ्यावरच्या दुकानात ते सहसा नसतंच. अ‍ॅटोमोक्सेटीन या दुसऱ्या औषधाला ही अट नाही.

रायपूरच्या तेलीबांधा तलावाच्या मरीन ड्राइव्हवर रोज झपाझप चालावं, पण चालणं हा उपचाराला पर्याय नव्हे. एम्सचा मानसोपचार विभाग शहराच्या दुसऱ्या टोकाला, टाटीबंधला आहे. दोन्ही नावं सारखी वाटतात, म्हणून रिक्षावाल्याला नाव नीट सांगा. मानसिक आरोग्याची हेल्पलाइन टेली-मानस: १४४१६, मोफत, चोवीस तास.