तक्ता दिसतो; पण ऐकू येतो काय?

जळगावहून अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरील पहूर हे जामनेर तालुक्यातील गाव. तेथील शेतकऱ्याचे कर्ज असो वा वाटणी, व्यवहार अखेर एका तक्त्यापाशी येऊन थांबतो. तो तक्ता म्हणजे सातबारा. गाव नमुना सातमध्ये जमिनीवरील हक्क, तर बारामध्ये पिकांची नोंद. हा उतारा आता संगणकावर मिळतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत तर शेतकऱ्याने पिकाची नोंद स्वतःच मोबाइलवर करावयाची असते. सोय मोठी आहे, यात वाद नाही. परंतु शेतकरी दृष्टिहीन असेल तर काय?

दृष्टिहीन व्यक्ती संगणक वापरते ती पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणाऱ्या ‘स्क्रीन रीडर’च्या आधारे. मायकेल करन या दृष्टिहीन ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ मध्ये आरंभिलेला ‘एनव्हीडीए’ विनामूल्य मिळतो. पण तक्ताच नीट मांडलेला नसेल, तर हे साधनही हतबल ठरते. ‘०.८०’ हा आकडा पाहताना डोळस वाचक नजर वर नेऊन रकान्याचे नाव आणि बाजूला नेऊन ओळीचे नाव टिपतो. ऐकणाऱ्यास ही सोय नाही. शीर्षक नुसते ठळक अक्षरांत छापले, पण ते शीर्षक आहे हे संगणकास सांगितले नाही, तर त्याच्या कानी केवळ आकडा पडतो. तो क्षेत्राचा की आकारणीचा, हे कळावयास मार्ग उरत नाही. तक्त्याचे नुसते छायाचित्र टाकले, तर बहुधा आकडाही हाती लागत नाही.

तक्ता भरावयाचा असेल तेथे अडचण अधिक. कळफलकावरील बाणांनी एका चौकटीतून दुसरीत जाता आले पाहिजे. ओळ कोणती, रकाना कोणता, चौकटीत लिहिता येते की नाही, हे ऐकू आले पाहिजे. केवळ माउसने उघडणारी चौकट दृष्टिहीनास बंदच. या मांडणीचे जागतिक संकेत २०१४ मध्येच ठरले आहेत. ते पाळण्यास यंत्रसामग्री नव्हे, काळजी लागते.

दिव्यांग हक्कांच्या २०१६ च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत किमान ४ टक्के जागा राखल्या. त्यांतील १ टक्का अंध व अल्पदृष्टी उमेदवारांसाठी. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. तरीही दृष्टिहीन कारकुनास खुर्ची द्यावयाची आणि त्याच्या पुढ्यातील नोंदवही कुलूपबंद ठेवावयाची, हा न्याय नव्हे. शाळेचे निकालपत्रक असो वा कचेरीची ज्येष्ठता यादी, ती तयार करणाऱ्याने एकदा माउस बाजूस सारावा, डोळे मिटावे आणि आपला तक्ता ऐकून पाहावा. जे स्वतःस उमगत नाही, ते दुसऱ्याने उमजून घ्यावे अशी अपेक्षा मग तो करणार नाही.