गाय स्वतःच कडी लावते!

पेण-रोह्याकडे भाताची झोडणी उरकली, की गोठ्यात पेंढ्याचे भारे येऊन पडतात. गाय तो पेंढा कसा खाते, कधी नीट पाहिलंय का? तिच्या वरच्या जबड्याला पुढचे दातच नसतात! तिथे असते नुसती टणक गादी. म्हणून ती पेंढ्याला जिभेचा वेढा घालते, ओढते आणि मानेला झटका देते. झटक्यासरशी बराच पेंढा गव्हाणीबाहेर! शेणामुतात पडलेला पेंढा मग तिला नको असतो. त्यातच एखादी दांडगी गाय शेजारणीला ढुशी मारून तिचाही घास पळवते.

दाव्याने खुंट्याला बांधलं, तर भांडण थांबतं. पण सांडलवंड थांबत नाही. म्हणून मोठ्या गोठ्यांत गव्हाणीपुढे लोखंडी पाइपांचं कुंपण घालतात. त्यात प्रत्येक गाईला डोकं घालायला वेगळी फट. डोकं आत गेलं की मानेला झटका दिला तरी पेंढा गव्हाणीतच पडतो.

खरी गंमत पुढे आहे. काही कुंपणांत फटीचा एक दांडा सी-सॉसारखा मधल्या खिळ्यावर डुलतो. फट वर रुंद असते, खाली अरुंद. गाय वरून डोकं घालते आणि खायला मान खाली नेते. मानेच्या धक्क्याने दांड्याचं खालचं टोक बाजूला सरकतं, वरचं टोक मानेजवळ येतं आणि कडी खट्कन पडते! मान बारीक, डोकं मोठं. मान हलते, पण डोकं मागे निघत नाही. ना दोरी, ना ओढाताण. आता डॉक्टर लाळ्या-खुरकुताची लस सहज टोचू शकतात.

माप मात्र गाईप्रमाणे हवं. आपली कोकण कपिला अंगाने लहान, होल्स्टीन गाय थोराड. होल्स्टीनच्या फटीतून कपिला डोकं सहज काढून घेईल!

गुरांच्या दवाखान्यातला लोखंडी खोडाही गाईला असाच जागेवर धरून ठेवतो. तो मोठ्या माणसांसोबत जाऊन जरूर बघा. आणि एक लक्षात ठेवा: काम झालं की कडी लगेच उघडायची. गाईला पाणी प्यायचं असतं, निवांत बसून रवंथ करायचा असतो. अडकवणं थोडा वेळच, तेही तिच्या भल्यासाठी!