वास येऊन जायला हवा

देहूत देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर तुळशीच्या माळा, टाळ आणि गोपीचंदनाच्या वड्या यांच्या शेजारी काळ्या पुडीची रास मांडलेली असते. बुक्का. मागच्या खेपेला मी एक पुडी घेतली तेव्हा दुकानदारानं आधी चिमूटभर माझ्या कपाळाला लावला, मग पैसे मोजले आणि म्हणाला, ‘‘माउली, घरी गेल्यावर झाकणाच्या डबीत भरा. उघडा राहिला तर वास उडतो, मग नुसता कोळसा उरतो.’’

खरंच, बुक्क्याचं अंग कोळशाचंच. कोळशाच्या वस्त्रगाळ पुडीत नागरमोथा, वाळा, कचोरा, दवणा अशा सुगंधी वनस्पतींची पूड मिसळतात. प्रमाण ज्याच्या त्याच्या हाताचं. कोळशाचे कण सच्छिद्र असल्यानं ते वास धरून ठेवतात. बुक्का कपाळाला लागला की काही क्षण दरवळ जाणवतो आणि मग विसरायला होतो. लावतातही नेमक्या वेळी: दर्शनानंतर, कीर्तनात, वारकरी एकमेकांना भेटताना. देहूच्या पालखी सोहळ्याची वेळही अशीच; तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायणमहाराज यांनी तो १६८५ साली सुरू केला. ज्येष्ठ वद्य सप्तमीला पालखीचं प्रस्थान होतं आणि पहिला मुक्काम गावातच, इनामदार वाड्यात असतो. त्या दिवशी जो कपाळ पुढे करून गर्दीत उभा राहिला, त्याला पुढे ऐन माघातही बुक्क्याचा वास आला तर ज्येष्ठातली ती संध्याकाळ आठवते.

असं का होतं? माणसाच्या नाकात गंध ओळखणारे सुमारे ४०० प्रकारचे ग्राहक असतात. अशा ग्राहकांमागची जनुकं लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ मध्ये शोधली. २००४ चं नोबेल त्यांना त्यासाठीच मिळालं. दृश्य आणि आवाज मेंदूतल्या थॅलॅमस नावाच्या नाक्यावरून पुढे जातात. गंधाला हा नाका लागत नाही. भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांशी त्याची जवळपास थेट सोयरीक आहे. म्हणून वास आधी मन हलवतो, त्याचं नाव मागाहून आठवतं.

पण याच नाकाची दुसरी खोडही आहे. एकच वास सतत येत राहिला तर काही मिनिटांत ते त्याची दखल घेणं कमी करतं, आणि रोज तोच वास येत राहिला तर हळूहळू सोडूनच देतं. चाकणच्या कंपनीत मशीनवर उभा राहिलो तेव्हा पहिला आठवडा मला कूलंटचा वास छळत होता. नंतर तो येईनासा झाला. घरी मात्र दार उघडताच आई म्हणायची, ‘‘आधी आंघोळ कर, मग चहा.’’ वास गेला नव्हता, माझं नाक सरावलं होतं.

प्लगात अडकवून चोवीस तास दरवळणाऱ्या बाटलीची गोची इथंच होते. पहिल्या दिवशी घर प्रसन्न वाटतं. आठवड्यानं तो वास फक्त पाहुण्यांना येतो, आपण त्यांचं ऐकून आणखी उग्र बाटली आणतो. घरात वातावरण तयार व्हायला वास यावा लागतो, आणि येण्यासाठी त्याआधी तो नसावा लागतो.

जुन्या घरांत याची व्यवस्था आपसूक होती. सकाळी पूजेला उदबत्ती. तिन्हीसांजेला धुपाटण्यात चुलीतले दोन निखारे, त्यावर चिमूटभर ऊद किंवा राळ, आणि आजीची माजघरातून ओसरीपर्यंत एक फेरी. धूर विरला की संध्याकाळ झाली, मुलांनी हातपाय धुऊन शुभंकरोतीला बसायचं. उटणं तर वर्षातून एकदाच: नागरमोथा, वाळा, गवला कचरी, आंबेहळद, चंदन. नरक चतुर्दशीच्या पहाटे तेलाच्या अंगावर ते चोळलं की कंदील लागण्याआधी दिवाळी नाकाला कळते. तेच उटणं बारा महिने वापरलं तर तो साबण होईल.

आता चूल गेली, ओसरी गेली. मोशी-तळवड्याच्या फ्लॅटमध्ये सरकत्या काचा बंद असतात आणि आत उदबत्ती जळते, तेव्हा धुराचाही हिशेब ठेवावा लागतो. उदबत्ती म्हणजे बांबूची काडी, तिच्यावर कोळशाची किंवा लाकडाची भुकटी, ती चिकटावी म्हणून जिगट नावाच्या सालीची पूड आणि वरून सुगंधी द्रव्य. २००८ मधल्या एका वैद्यकीय आढाव्यात उदबत्तीच्या दर ग्रॅममागे ४५ मिलिग्रॅमहून जास्त सूक्ष्म कण, तर सिगारेटच्या ग्रॅममागे १० मिलिग्रॅम असा आकडा दिला आहे. म्हणून देवाला एकच काडी, तीही खिडकी उघडून. दम्याचा माणूस किंवा तान्हं मूल असेल तर तीही नको. बाळाला द्यायची धुरीही त्यातच आली. कापूर मुलांच्या हाती लागू नये, पोटात गेला तर तो विषारी ठरतो.

न जाळता वास आणणाऱ्या गोष्टी आपल्याकडे कमी नाहीत. माठात सोडलेली वाळ्याची जुडी, वाटीभर पाण्यात सोनचाफ्याची दोन फुलं, चैत्रात उशाशी दवण्याची काडी. दिवाणखान्यात एक वास, झोपायच्या खोलीत दुसरा, असं घर वाटून देण्यापेक्षा दिवस वाटून द्यावा. कामावरून आल्यावरचा एक वास, पाहुण्यांचा एक, सणाचा एक. मग तो वास त्या वेळेची खूण होतो.

मी हे चुकून शिकलो. एका वर्षी देहूहून आणलेल्या बुक्क्याची डबी देव्हाऱ्यात उघडीच राहिली. सुरुवातीला जाता-येता वास यायचा, मग येईना. एकादशीला चिमूट घेऊन कपाळाला लावली. टिळा तसाच काळा उमटला, बोट नाकाशी नेलं तर कोळसा.

आता सेकंड शिफ्ट संपवून रात्री घरी येतो, आंघोळ करतो आणि झाकण फिरवतो. चिमूटभर घेऊन लगेच बंद करतो.