कोवळ्या खुब्याची शहानिशा

‘एक्स-रे काढला, साफ आला, तेव्हा बाळाचा खुबा जागेवरच आहे,’ हा निर्वाळा जन्मून महिनाही न लोटलेल्या बालकांविषयी इतक्या निःशंकपणे दिला जातो, की त्याची शहानिशा करण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. वस्तुतः या वयात मांडीच्या हाडाचे वरचे गोल टोक सारेच्या सारे, आणि ते जिच्यात बसते त्या उखळीचाही बराच भाग, कूर्चेचा असतो. कूर्चा क्ष-किरणांना अडवीत नाही, आणि त्या टोकात अस्थिकेंद्र साधारणतः चौथ्या ते सहाव्या महिन्यात उमटेपर्यंत चित्रात तेथे रिकामी जागाच दिसते. जे दिसतच नाही ते ठिकाणावर असल्याचा दाखला देणे म्हणजे गैरहजर साक्षीदाराची जबानी नोंदवून घेणे होय!

कूर्चा दाखविते ती सोनोग्राफी. ऑस्ट्रियाचे राइनहार्ड ग्राफ यांनी 1980 साली मांडलेल्या पद्धतीत बाळाला कुशीवर निजवून, कमरेच्या हाडाची सरळ रेषा आणि उखळीच्या हाडी छताची रेषा यांमधील कोन मोजतात. तो 60 अंश वा अधिक भरला तर उखळी परिपक्व, आणि पहिल्या तीन महिन्यांत 50 ते 59 भरला तर बहुधा केवळ अपक्व, म्हणून फेरतपासणीस पात्र.

‘पट्टे बांधले, आता निश्चिंत’ हा त्याच गैरसमजाचा धाकटा भाऊ. गुडघे वर दुमडून मांड्या फाकलेल्या ठेवणारे पावलिक यांचे पट्टे उपयुक्त खरेच. परंतु ते बांधलेले असतानाच सोनोग्राफी करून टोक उखळीत उतरल्याची खात्री करावी लागते, आणि तीन-चार आठवड्यांत ते न उतरल्यास पट्ट्यांचा हट्ट सोडावा लागतो, कारण बाहेर राहिलेले टोक उखळीची मागली कड झिजविते. पुढे भूल देऊन सांधा बसविला व कमरेपासून प्लास्टर घातले, तर त्याआडची स्थिती एमआरआय किरणोत्साराविना दाखवितो.

उरलेले गैरसमज थोडक्यात.

पायाळू मुलाला विजेचे भय: भय असलेच तर खुब्याचे, अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीचा 2016 चा अहवाल अशा जोखमीच्या बालकांसाठी, हाताच्या तपासणीत दोष न आढळला तरी, सहा आठवडे ते सहा महिने या वयात सोनोग्राफीचा विचार सुचवितो.

पाय ताणून घट्ट गुंडाळल्यास सरळ वाढतात: त्याने खुब्यावर विपरीत ताण येतो; मांड्या फाकवून कडेवर घेणे हितकर.

‘कट्’ वाजले की सांधा निखळला: नुसता आवाज बहुधा निरुपद्रवी असतो.

चालू लागल्यावर पाहू: तोवर पट्ट्यांची वेळ टळलेली असते, आणि बहुतेकदा शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर उरत नाही.