दहा मिनिटांत काळी होते ती मेंदी नव्हे

लखनौत निशातगंजला राहते मी. इथे तीज आली, ईद आली की बाजारात मेंदीवाले बसतात. मागच्या खेपेला एका पाटीवर वाचलं, ‘दहा मिनिटांत काळा रंग’. आज त्याच पाटीबद्दल बोलूया.

मेंदीच्या पानात लॉसोन नावाचं रंगद्रव्य असतं, वाळलेल्या पानात साधारण एक टक्का. भिजवलेल्या पाल्यात लिंबू पिळलं की ते हळूहळू सुटतं आणि कातडीतल्या केराटिनला चिकटतं. त्याला काही तास लागतात. लेप काढल्यावर हात नारिंगी दिसतो. लालसर तपकिरी व्हायला आणखी एक-दोन दिवस जातात. तळव्याची कातडी जाड, म्हणून तिथेच जास्त रंगते. आपल्याकडे नागपंचमीला मेंदी आदल्या रात्री लावतात, ते उगीच नाही.

मग दहा मिनिटांत काळं काय होतं? त्या कोनात बहुधा पीपीडी असतं, केसांच्या डायमधलं रसायन. त्याने हातावर नक्षीबरहुकूम फोड येऊ शकतात. आणि एकदा शरीराने ते ‘ओळखलं’ की पुढे आयुष्यभर साधा डायसुद्धा सोसत नाही. केसांसाठी नीळ घातलेली काळी मेंदी मिळते, ती वेगळी. पण तिच्यातही पीपीडी मिसळलेलं असतं कधीकधी, तेव्हा पाकीट वाचा.

खरं तर झाड घरीच लावा. पावसाळ्यात फांदी रोवली की जगते. ऊन भरपूर हवं, मुळाशी पाणी साचायला नको. राजस्थानात सोजतला कोरड्या रानात हिची शेती आहे, 2021 मध्ये तिथल्या मेंदीला जीआय मानांकन मिळालं. पाला सावलीत वाळवा, उन्हात हिरवेपणा जातो. एक सांगते, कुंपणाला ‘मेंदी’ म्हणून लावलेलं झुडूप पुष्कळदा भलतंच असतं. पान वाटून तळव्यावर तासभर ठेवा. रंगलं नाही तर ती मेंदी नाही. फुलं मात्र खुडू नका, वास घ्या. कनौजचं गुलहिना अत्तर त्यांचंच.

औषध म्हणून तळपायाची आग होते तेव्हा लेप लावतात, गार वाटतं. पोटात मात्र घेऊ नका. तान्ह्या बाळाला तर अस्सल मेंदीसुद्धा नको. जी-6-पीडी या एन्झाइमची कमतरता असलेल्या बाळाच्या तांबड्या पेशी लॉसोनने फुटतात, कावीळ होते. ही कमतरता वरून दिसत नाही. बारशाला हौस असेल तर आईच्या हातावर काढा.