पुरुषांच्या छातीची शस्त्रक्रिया : लाज नको, घाईही नको

न्हावा शेवा भागातल्या माझ्या दवाखान्यात काही तरुण सर्दी-खोकल्याचे निमित्त करून येतात आणि उठता उठता हळूच विचारतात, "डॉक्टर, छाती बायकांसारखी वाढली आहे. ऑपरेशनने जाते का?" बंदरावरच्या उकाड्यातही शर्टाखाली दोन-दोन बनियन घालणाऱ्या या मुलांनी घरात कुणाला सांगितलेले नसते.

या विकाराला गायनेकोमास्टिया म्हणतात. वयात येताना निम्म्याहून अधिक मुलांना तो थोडाफार होतो आणि बहुधा 6 महिने ते 2 वर्षांत आपोआप जातो. मोठेपणी मात्र आधी कारण शोधावे लागते. यकृताचा आजार, काही औषधे किंवा व्यायामशाळेत घेतलेली स्टिरॉइडची इंजेक्शने यामागे असू शकतात. एकाच बाजूला कठीण गाठ असेल किंवा स्तनाग्रातून रक्त येत असेल, तर ताबडतोब दाखवावे. स्तनाचा कर्करोग क्वचित पुरुषांनाही होतो.

ही शस्त्रक्रिया प्लास्टिक सर्जन करतात. बहुधा पूर्ण भूल देतात, म्हणून सांगितलेल्या वेळेपासून उपाशी राहावे. साधारण 1 ते 2 तास लागतात. चरबी बारीक नळीने ओढून घेतात. ग्रंथी वाढलेली असल्यास स्तनाग्राभोवतीच्या काळसर वर्तुळाच्या कडेला लहान छेद घेऊन ती काढतात. बरेच रुग्ण त्याच किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातात.

खरी परीक्षा पुढे असते. सूज, काळेनिळे डाग आणि बधिरपणा काही आठवडे राहतो. छातीवर घट्ट जाकीट साधारण 4 ते 6 आठवडे घालावे लागते. बैठे काम आठवडाभराने जमते. पण कंटेनरचे लॅशिंग, ओझी उचलणे, जाळी ओढणे सुमारे 6 आठवडे बंद! तेव्हा रजेची सोय आधीच करावी. एक बाजू अचानक फुगली, ताप आला किंवा पू दिसला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

अंतिम आकार 3 ते 6 महिन्यांनी दिसतो. बारीक व्रण राहतो. क्वचित दोन्ही बाजूंत थोडा फरकही राहतो. मुंबईत जे. जे., के. ई. एम. व शीव रुग्णालयांत प्लास्टिक सर्जरीचे विभाग आहेत. मात्र सल्ल्याला जाताना सध्या चालू असलेल्या सर्व औषधांची चिठ्ठी बरोबर न्या, आणि व्यायामशाळेतले इंजेक्शन त्यात लिहायला संकोच करू नका.