ही तीच गाडी आहे का?

सकाळी 6:00
या वेळेला फोन वाजत नाहीत, म्हणून फोटो बघायचं काम मी आधी उरकते. जुन्या गाड्यांची तपासणी आणि मूल्यांकन हा माझा व्यवसाय. त्यातही कंपन्यांनी स्वतः रॅलीत उतरवलेल्या गाड्या हा जिव्हाळ्याचा विषय. आजची फाईल एका मारुती जिप्सीची. मालक पनवेलचे, गाडी तळोजा एमआयडीसीतल्या गॅरेजात. 1991 मध्ये ती एका कंपनीच्या संघातून रॅलीत धावली, असं मालकांचं म्हणणं, आणि आता त्यांना ती विकायची आहे. साध्या जिप्सीचा भाव वेगळा, कुणी हौसेने रॅलीसाठी तयार केलेल्या जिप्सीचा वेगळा, आणि कंपनीने बांधून, आपला चालक बसवून पळवलेल्या गाडीचा तिसराच. तीनपैकी ही कुठली, ते मला लेखी द्यायचं आहे.

मालकांकडे एकच रंगीत फोटो आहे. चिखलाने माखलेली जिप्सी, बंपरवर चार दिवे, उजव्या मडगार्डला पोचा. नंबरप्लेट दिल्लीची. गाडीचा आजचा नंबर मात्र एमएच 46, म्हणजे पनवेल पासिंग.

सकाळी 8:00
चहा घेता घेता कागद लावते. आपल्याकडे गाडी दुसऱ्या राज्यात गेली, की एनओसी घेऊन नवं पासिंग करावं लागतं आणि जुना नंबर जातो. फोटोतली गाडी आणि दारातली गाडी यांना जोडणारा धागा उरतो तो चेसिस नंबरचा.

विलायतेत नेमकं उलटं घडलं. बीएमसी या मोटार कंपनीचा रॅली विभाग ॲबिंग्डनला होता. मिनी कूपरने 1964, 1965 आणि 1967 साली मोंटे कार्लो रॅली जिंकली त्या तिथल्याच गाड्या. रॅलीत बॉडी वाकली, की हा विभाग नवी बॉडी घ्यायचा आणि जुन्या गाडीचा नंबर तिच्यावर लावायचा. त्यामुळे एकाच नंबरखाली वेगवेगळ्या बॉड्या धावून गेल्या. तिथे नंबर टिकला आणि पत्रा बदलला. इथे पत्रा टिकतो आणि नंबर बदलतो. म्हणून तिथल्या पुस्तकांतली तपासणीची रीत इथे जशीच्या तशी लावता येत नाही. आपली रीत आपल्यालाच बसवावी लागते, आणि ती चेसिसपासूनच सुरू होते.

सकाळी 10:00
तळोजा. गॅरेजात मिस्त्रींनी गाडी रॅम्पवर घेऊन ठेवली आहे. "ताई, फक्त लांबी भरायची आणि रंग मारायचा बाकी आहे. चार दिवसांत नवी करून देतो." त्यांना हात जोडून सांगते, माझं काम होईपर्यंत कागदही घासू नका.

आधी चेसिस प्रिंट. कागद ठेवून वरून पेन्सिल फिरवली, की आकडे उमटतात. आजूबाजूला वेल्डिंगची खूण नाही, अक्षरं एका ओळीत, एका खोलीची. जुन्या आरसी बुकाच्या झेरॉक्सवरचा नंबर तोच. पहिला मालक म्हणून तिथे व्यक्तीचं नाही, कंपनीचं नाव आहे. ही पहिली मोठी गोष्ट.

मग चाकं. 1993 मध्ये मारुतीने जिप्सीच्या दोन चाकांमधलं अंतर वाढवलं. फोटोतली गाडी अरुंद आहे, समोरची रुंद. म्हणजे ॲक्सल नंतर बदलले. एवढ्यावरून गाडी खोटी ठरत नाही. पण रिपोर्टमध्ये ते लिहावंच लागेल. विकत घेणाऱ्याला त्यासाठी किंमत कमी करून मागायचा हक्क आहे.

आता गालिचा उचलला. दोन्ही सीटांच्या मागे, जमिनीच्या पत्र्यावर, हाताच्या पंज्याएवढ्या चौकोनी पट्ट्या वेल्ड केलेल्या. वरचे पाइप कापून नेलेले, पण कापल्याचा काठ अजून दिसतो. रोल केजचे, म्हणजे गाडी उलटली तर आतल्यांना वाचवणाऱ्या पाइपांच्या सांगाड्याचे, पाय इथे होते. गाडी रॅलीतून निवृत्त झाली, की केज काढून दुसऱ्या गाडीला लावतात. पट्ट्या सहसा कुणी खरवडून काढत नाही. डॅशबोर्डच्या डाव्या टोकाला, सहचालकासमोर, बुजवलेली भोकं. अंतर मोजायचं यंत्र तिथेच बसतं. मालक हे सगळं पहिल्यांदाच बघत होते.

शेवटी उजवं मडगार्ड. रंगाची जाडी मोजायचं यंत्र लावलं. कारखान्याचा रंग साधारण 100 ते 150 मायक्रॉन भरतो. इथे एका पट्ट्यात आकडा एकदम कित्येक पट चढला, आणि पुन्हा उतरला. आत हात घालून पाहिलं तर हातोडीने काढलेल्या पोच्याचे व्रण. फोटोतला पोचा जिथे आहे, नेमका तिथे. मिस्त्रींनी सगळा पत्रा बदलून नवा घातला असता, तर गाडी देखणी झाली असती आणि हा पुरावा भंगारात गेला असता. अशा गाडीचा मार ही तिची मालमत्ता असते, हे मी प्रत्येक गॅरेजात सांगत आले आहे.

दुपारी 2:00
पनवेल आरटीओ. एनओसीची नोंद मिळावी म्हणून अर्ज दिला. नोंद शोधायला वेळ लागेल.

मालकांनी वाटेत विचारलं, व्हिंटेज म्हणून नोंद होईल का? आत्ता नाही. 2021 च्या नियमानुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेल्या, मुळात मोठे बदल न केलेल्या गाड्यांनाच 'व्हीए' अक्षरांचा नंबर मिळतो. ही गाडी अजून कित्येक वर्षं त्यात बसत नाही, आणि रॅलीसाठी केलेले बदल तेव्हाही प्रश्न उभा करतील. माझ्या मते हे चूक आहे. रॅलीची गाडी बदललेली असणं हेच तिचं मूळ रूप, आणि नियमात त्यासाठी वेगळी जागा हवी.

संध्याकाळी 5:00
घरी रिपोर्ट लिहायला बसले. भावाची बाजू लिहिताना परदेशातले आकडे डोळ्यांसमोर असतातच. 2021 मध्ये पॅरिसच्या लिलावात ऑडीची एस 1 क्वाट्रो 20 लाख युरोंच्या वर गेली. तो आकडा इथे लावायचा नसतो. लावायचा असतो तो त्यामागचा विचार: ही गाडी कुणी बांधली, कुणी चालवली, आणि मधल्या वर्षांत तिच्यावर कुणाची मालकी होती, याची साखळी सलग दाखवता आली तरच वरची किंमत. मी लिहिलं: कंपनीची गाडी असण्याची शक्यता भक्कम, ॲक्सल नंतरचे, एनओसीची नोंद येईपर्यंत अंतिम किंमत नाही.

रात्री 8:30
लंडनहून एका संग्राहकांचा फोन. त्यांच्याकडची गाडी 1968 च्या लंडन–सिडनी मॅरेथॉनमधली आहे, असं ते मानतात. 98 गाड्या लंडनहून निघाल्या, आणि टिकल्या त्या युरोप, इराण, अफगाणिस्तान ओलांडून दिल्लीमार्गे मुंबईत आल्या. मुंबईपर्यंत रॉजर क्लार्कची लोटस कॉर्टिना आघाडीवर होती. इथून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात 'चुसान' जहाजावर चढून गाड्या ऑस्ट्रेलियात फ्रीमँटलला उतरल्या, आणि शेवटी अँड्र्यू कोवनची हिलमन हंटर जिंकली. प्रवासात कुठल्या गाडीला कुठे मार बसला होता, ते मुंबईत काढलेल्या फोटोंवरून कळू शकतं. म्हणून ते मला विचारतात: तुमच्या शहरात तेव्हा कुणीतरी कॅमेरा घेऊन उभं असेल ना?

असणारच. म्हणून वाचकांना विनंती. घरात 1968 चे मुंबई बंदरावरचे, 1980 साली मुंबईहून निघालेल्या हिमालयन रॅलीचे किंवा कुठल्याही जुन्या रॅलीचे फोटो, टाइम कार्ड, रूट बुक असतील तर रद्दीत देऊ नका. फोटोमागे तारीख आणि जागा लिहा, नंबरप्लेटचा कोपरा कातरू नका. आणि जुनी गाडी विकताना मूळ आरसी बुकाची एक प्रत स्वतःकडे ठेवा.